वाचकांचे प्रश्न: नेटवर्कच्या सेटिंग्ज फाइलींत का, आणि त्या फाइली वाचतं कोण?

या वेळच्या पत्रांमध्ये तक्रारीचा सूर जवळपास एकच आहे. नेटवर्कची सेटिंग अमुक फाइलमध्ये असते हे कळलं, फाइल बदलली, आणि मग एक तर काहीच झालं नाही किंवा दुसऱ्या दिवशी सगळं पुन्हा होतं तसं झालं. म्हणून उत्तरं देताना प्रत्येक ठिकाणी आम्ही एकच गोष्ट आधी शोधली आहे: ही फाइल कोणता प्रोग्रॅम वाचतो, आणि केव्हा वाचतो.

छपाईबद्दल एक सूचना. फाइलींची आणि कमांडची नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. मशीनवर ती रोमन लिपीतच टाइप करायची आणि आकडेही इंग्रजीच वापरायचे. ‘एट्सी’ म्हणजे ई, टी, सी ही तीन अक्षरं. लिनक्समध्ये हा फोल्डर थेट रूटखाली असतो.

प्रश्न: एट्सीमधली ‘प्रोटोकॉल्स’ फाइल उघडून पाहिली. टीसीपी म्हणजे ६, यूडीपी म्हणजे १७ असं त्यात लिहिलंय. हे आकडे तर कधी बदलत नाहीत. मग ते ऑपरेटिंग सिस्टिमच्या आतच पक्के का करून टाकत नाहीत? आणि कोणी ही फाइल खोडली तर इंटरनेट बंद पडेल का?
— अभियांत्रिकीचा विद्यार्थी, कात्रज

उत्तर: बंद पडणार नाही. का पडणार नाही, यातच तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर आहे.

आयपीच्या चौथ्या आवृत्तीत प्रत्येक पॅकेटच्या (नेटवर्कवरून जाणाऱ्या माहितीच्या तुकड्याच्या) हेडरमध्ये, म्हणजे सुरुवातीच्या भागात, ८ बिटांचा एक रकाना असतो. आत कोणाचा माल आहे हे तो सांगतो: १ असेल तर आयसीएमपी (पिंग यावरच चालतं), ६ असेल तर टीसीपी, १७ असेल तर यूडीपी. ८ बिट, म्हणजे ० ते २५५ एवढीच जागा. पॅकेट आलं की कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) हा रकाना पाहतो आणि पुढे कोणाकडे सोपवायचं ते ठरवतो. हे काम सेकंदाला हजारो वेळा होतं, त्यामुळे दर वेळी डिस्कवरची फाइल उघडून पाहणं परवडणारच नाही. ६ म्हणजे टीसीपी हे कर्नलच्या कोडमध्येच लिहिलेलं आहे. तुम्ही सुचवलेली गोष्ट मुळात तशीच आहे.

मग फाइल कोणासाठी? माणसांसाठी आणि माणसांच्या भाषेत बोलणाऱ्या प्रोग्रॅमसाठी. एखाद्या प्रोग्रॅमला ‘टीसीपी’ या नावावरून ६ हवा असतो, किंवा ६ दिसल्यावर पडद्यावर ‘टीसीपी’ उमटवायचं असतं. सी लायब्ररीत त्यासाठी ‘गेटप्रोटोबायनेम’ आणि ‘गेटप्रोटोबायनंबर’ ही फंक्शन्स आहेत. ती ही फाइल उघडतात, हवी ती ओळ शोधतात आणि उत्तर देतात. कर्नल या फाइलकडे ढुंकूनही पाहत नाही.

हे स्वतः करून बघा, पण व्हर्च्युअल मशीनवर. आधी टर्मिनलमध्ये ‘गेटएंट प्रोटोकॉल्स टीसीपी’ ही कमांड द्या, नाव आणि ६ हा आकडा छापून येईल. मग सुडो (प्रशासकाचे अधिकार देणारी कमांड) वापरून फाइलचं नाव बदला आणि तीच कमांड पुन्हा द्या. आता काहीही छापलं जाणार नाही आणि एक्झिट कोड २ येईल. पायथनच्या सॉकेट मॉड्यूलमधून हेच विचारलं तर ‘प्रोटोकॉल नॉट फाउंड’ असा एरर येईल. ब्राउझर मात्र बाजूला मजेत पानं उघडत असेल. नंतर फाइलचं मूळ नाव परत द्यायला विसरू नका.

ही रचना बर्कली विद्यापीठातल्या युनिक्समधून आली आहे. फाइलचं हे स्वरूप १९८३ च्या ४.२ बीएसडीमध्ये प्रथम दिसतं. त्याच वर्षी १ जानेवारीला अर्पानेट (इंटरनेटच्या आधीचं अमेरिकी संशोधन नेटवर्क) जुना एनसीपी प्रोटोकॉल सोडून टीसीपी-आयपीवर आलं. कोणत्या प्रोटोकॉलला कोणता आकडा, याची यादी त्या काळात जॉन पोस्टेल सांभाळत आणि ती ‘असाइन्ड नंबर्स’ या नावाने वेळोवेळी प्रसिद्ध होई. यादी वाढत होती. पुढे एससीटीपीला १३२ मिळाला, यूडीपी-लाइटला १३६. नवं नाव कळावं एवढ्यासाठी कर्नल पुन्हा कंपाइल करायचा का? त्यापेक्षा मजकुराच्या फाइलमध्ये एक ओळ जोडली की काम झालं.

शेजारची ‘सर्व्हिसेस’ फाइल पाहिलीत की हे आणखी पटेल. पोर्ट म्हणजे पॅकेट मशीनवरच्या कोणत्या प्रोग्रॅमचं हे सांगणारा आकडा. तो १६ बिटांचा, म्हणजे ० ते ६५५३५. त्यातले १०२३ पर्यंतचे ठरलेल्या सेवांचे, १०२४ ते ४९१५१ नोंदणी करून मिळणारे आणि त्यापुढचे तात्पुरत्या वापराचे. ही वाटणी आयएएनए ही संस्था करते. एसएसएच २२ वर, डीएनएस ५३ वर, वेब ८० आणि ४४३ वर, छपाईचा आयपीपी ६३१ वर. कर्नलला यातलं एकही नाव ठाऊक असण्याची गरज नाही. ४४३ वर आलेलं पॅकेट ४४३ वर ऐकत बसलेल्या प्रोग्रॅमला दिलं की त्याचं काम संपलं.

आता तुम्ही विचारला नाहीत असा, पण जास्त महत्त्वाचा भाग. मशीनचा आयपी पत्ता, गेटवे (बाहेरच्या नेटवर्ककडे जाणारं दार), डीएनएस सर्व्हर (नावावरून पत्ता सांगणारा) या गोष्टी कर्नलमध्ये आधीपासून असूच शकत नाहीत, कारण कात्रजच्या मशीनचं उत्तर वेगळं आणि खडकीच्या मशीनचं वेगळं. त्या नेटवर्कवरून मागवाव्यात, तर नेटवर्क चालू होण्याआधीच त्या लागतात. डीएचसीपी (नेटवर्कवरून पत्ता आपोआप घेण्याची पद्धत) वापरलं तरी ‘या लॅन कार्डवर डीएचसीपी वापर’ हे मशीनमध्येच कुठेतरी लिहिलेलं लागतं. म्हणजे जागा हवी ती डिस्कवर. ती साध्या मजकुराच्या रूपात असेल तर नेटवर्क बंद असताना, पडदा काळा आणि अक्षरं पांढरी अशा अवस्थेतही, हाताला येईल त्या एडिटरने ती दुरुस्त करता येते. हॅश चिन्ह टाकून ‘हा पत्ता का दिला’ हेही शेजारीच लिहून ठेवता येतं. या शेवटच्या सोयीची किंमत तीन वर्षांनी कळते.

फाइलचीही एक मर्यादा आहे. अर्पानेटवरच्या सगळ्या मशीनची नावं आणि पत्ते एकेकाळी ‘होस्ट्स डॉट टीएक्सटी’ या एकाच फाइलमध्ये असत. कॅलिफोर्नियातल्या एसआरआय या संशोधन संस्थेत ती ठेवलेली असे आणि जो तो तिची प्रत उतरवून घेई. मशीन वाढली तशी ही पद्धत अपुरी पडली. पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३ मध्ये डीएनएस मांडलं ते म्हणूनच. सगळ्यांसाठी सतत बदलणारी माहिती प्रत्येकाच्या फाइलमध्ये ठेवून चालत नाही. जी माहिती फक्त या एका मशीनची आहे, तिला मात्र फाइलसारखी जागा नाही.

प्रश्न: ऑफिसात उबुंटू सर्व्हर आहे. ‘आयपी अ‍ॅड्र अ‍ॅड’ कमांड देऊन त्याला पत्ता दिला आणि सगळ्या मशीनवरून टॅलीचा बॅकअप त्यावर व्यवस्थित जात होता. गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज गेली, संध्याकाळी आली, आणि सर्व्हरचा पत्ता गायब! असं दोनदा झालं.
— कर सल्लागारांचं कार्यालय, कोथरूड

उत्तर: ती कमांड पत्ता लिहिते कर्नलच्या मेमरीत. वीज गेली की मेमरी पुसली जाते. बूट होताना फाइलींमध्ये जे असेल तेच पुन्हा कर्नलला सांगितलं जातं, आणि तुमचा पत्ता कुठल्याच फाइलमध्ये नव्हता. इन्व्हर्टर किंवा यूपीएस बसवून हा दोष झाकला जाईल, दूर होणार नाही.

उबुंटू सर्व्हरवर हे काम नेटप्लॅन करतं. फाइल ‘एट्सी’मधल्या ‘नेटप्लॅन’ फोल्डरमध्ये असते, शेवट ‘डॉट वायएएमएल’. आतला मजकूर साधारण असा (तुमच्या लॅन कार्डचं नाव वेगळं असेल, ते ‘आयपी लिंक’ कमांडने कळेल):

नेटवर्क:
  व्हर्जन: २
  इथरनेट्स:
    ईएनपी३एस०:
      डीएचसीपी४: फॉल्स
      अ‍ॅड्रेसेस:
        - १९२.१६८.१.१०/२४
      राउट्स:
        - टू: डिफॉल्ट
          व्हाया: १९२.१६८.१.१
      नेमसर्व्हर्स:
        अ‍ॅड्रेसेस: [१९२.१६८.१.१]

डावीकडे सोडलेली जागा इथे शोभेसाठी नाही. कोणती ओळ कोणाच्या पोटात आहे हे त्या जागेवरूनच ठरतं. प्रत्येक पायरीला दोन स्पेस, आणि टॅब अजिबात नको. टॅब दाबला की नेटप्लॅन फाइल नाकारतं. अपूर्णविरामानंतर एक स्पेस हवीच. ‘/२४’ विसरलं तर पत्ता चुकीचा ठरतो. आणि इंटरनेटवरच्या जुन्या लेखांत ‘गेटवे४’ अशी ओळ दिसेल, ती पद्धत आता मोडीत निघाली आहे. वर दिल्याप्रमाणे ‘राउट्स’ लिहा.

पत्ता निवडताना आधी राउटरच्या पानावर डीएचसीपीची रेंज पाहा. समजा ती १०० ते २०० असेल, तर सर्व्हरला १० द्या. रेंजच्या आतला पत्ता दिलात तर एखाद्या दिवशी राउटर तोच पत्ता पाहुण्याच्या फोनला देईल, आणि मग बॅकअप कधी चालेल, कधी अडकेल, कारण काही सापडणार नाही.

फाइल जतन केल्यावर ‘सुडो नेटप्लॅन ट्राय’ द्या. नवी सेटिंग लगेच लागू होते आणि १२० सेकंद मोजले जातात. तेवढ्यात एंटर दाबलंत तर ती कायम होते, नाहीतर आधीची परत येते. दुसऱ्या मशीनवरून लॉग-इन करून काम करत असाल तर थेट ‘अप्लाय’ करूच नका. चूक झाली तर दोरी तुटते आणि सर्व्हरपर्यंत चालत जावं लागतं.

आणखी दोन अडचणी येतात. या फोल्डरमध्ये एकाहून जास्त फाइली असतील तर त्या नावाच्या क्रमाने वाचल्या जातात आणि एकत्र केल्या जातात. एकाच कार्डाबद्दल दोन ठिकाणी लिहिलेलं असलं की गोंधळ होतो. दुसरं, फाइलच्या डोक्यावर क्लाउड-इनिटची (मशीनची सुरुवातीची सेटिंग आपोआप करणाऱ्या प्रोग्रॅमची) सूचना असेल तर ती नीट वाचा. तो प्रोग्रॅम ती फाइल पुन्हा लिहू शकतो, आणि त्याला थांबवायचं कसं तेही तिथेच दिलेलं असतं. फाइलचे अधिकार ६०० ठेवा, इतरांना ती वाचता येत असेल तर नेटप्लॅन इशारा देतं.

प्रश्न: अभ्यासिकेत मुलांना काही साइट उघडू नयेत म्हणून काउंटरवरच्या लिनक्स मशीनच्या ‘रिझॉल्व्ह डॉट कॉन्फ’ फाइलमध्ये दुसरा डीएनएस सर्व्हर लिहिला. मशीन रीस्टार्ट झालं की लिहिलेलं नाहीसं होतं. शिवाय मुलांच्या फोनवर तर काहीच फरक पडला नाही.
— अभ्यासिका चालक, सदाशिव पेठ

उत्तर: दुसरी गोष्ट आधी. काउंटरवरच्या मशीनची फाइल फक्त तेच मशीन वाचतं. मुलांचे फोन डीएनएसचा पत्ता राउटरकडून डीएचसीपीमार्फत घेतात. त्यामुळे बदल राउटरच्या डीएचसीपी पानावर करायला हवा. बदल केला तरी जोडलेले फोन जुनाच पत्ता धरून बसतात. वाय-फाय बंद करून चालू केलं की नवा घेतात. एखाद्याने फोनमध्ये ‘प्रायव्हेट डीएनएस’ लावून ठेवला असेल तर तो यातून सुटतो, हेही लक्षात असू द्या.

आता फाइल का पुसली जाते ते. ‘एलएस -एल’ करून पाहा, नावापुढे बाण दिसेल. ती खरी फाइल नाहीच, ‘रन’ फोल्डरमधल्या दुसऱ्या फाइलकडे बोट दाखवणारा दुवा आहे. ‘रन’ फोल्डर मेमरीत असतो आणि प्रत्येक बूटला नव्याने भरला जातो. उबुंटूत ही फाइल भरण्याचं काम सिस्टिमडी-रिझॉल्व्हड ही नावांचे पत्ते शोधणारी सर्व्हिस करते आणि त्यात १२७.०.०.५३ हा स्वतःचाच पत्ता लिहिते. तुमचा डीएनएस द्यायचा तो तिला: एक तर नेटप्लॅनच्या ‘नेमसर्व्हर्स’ ओळीत, किंवा ‘एट्सी, सिस्टिमडी’मधल्या ‘रिझॉल्व्हड डॉट कॉन्फ’ फाइलमध्ये, आणि मग ती सर्व्हिस रीस्टार्ट करून. ‘रिझॉल्व्हसीटीएल स्टेटस’ दिलं की सध्या कोणता डीएनएस चालू आहे ते दिसतं.

दुवा खोडून तिथे हाताने फाइल ठेवायची आणि ती कुलूपबंद करायची, असा सल्ला सर्रास दिला जातो. करू नका. पुढे कधी व्हीपीएन लावलंत की त्याला डीएनएस बदलता येणार नाही, आणि कुलूप कोणी घातलं हे तोवर कोणाच्या लक्षात नसेल.

प्रश्न: जुन्या डेबियन मशीनवर प्रत्येक नवी साइट उघडायला बरोबर पाच सेकंद लागतात. एकदा उघडली की पुढे वेग चांगला.
— वाचक, वारजे

उत्तर: ‘बरोबर पाच’ हेच निदान. रिझॉल्व्ह डॉट कॉन्फमधला पहिला नेमसर्व्हर (डीएनएस सर्व्हर) बहुधा मेलेला आहे. लायब्ररी त्याला विचारते, ठरलेले ५ सेकंद थांबते आणि मग दुसऱ्याकडे जाते. पहिली ओळ काढा किंवा क्रम बदला. या फाइलमध्ये जास्तीत जास्त ३ नेमसर्व्हर चालतात, चौथी ओळ वाचलीच जात नाही.

प्रश्न: आमच्या मशीनचा कंट्रोलर मॉडबस टीसीपीवर (कारखान्यातल्या यंत्रांच्या प्रोटोकॉलवर) बोलतो, पोर्ट ५०२. सुरक्षिततेसाठी पोर्ट बदलायचं ठरवलं. संगणकाच्या सर्व्हिसेस फाइलमध्ये ५०२ च्या जागी १५०२ केलं, रीस्टार्टही केलं. तरी सगळं ५०२ वरच चालू आहे. फाइल काम करत नाही का?
— सुटे भाग बनवणारा कारखाना, भोसरी एमआयडीसी

उत्तर: फाइल तिचं काम करते आहे, पण तुम्हाला वाटतं ते तिचं काम नाही. सर्व्हिसेस फाइल म्हणजे टेलिफोन डिरेक्टरी. डिरेक्टरीत कोणाचा नंबर खोडून दुसरा लिहिला म्हणून त्याच्या घरचा फोन बदलत नाही. जो प्रोग्रॅम नावाने विचारेल त्यालाच ती उत्तर देते. तुमचं सॉफ्टवेअर ५०२ हा आकडा स्वतःच्या सेटिंगमधून घेतं आणि कंट्रोलर तर या संगणकाची डिस्क पाहूच शकत नाही.

आधी कोण कुठे ऐकतंय ते पाहा. लिनक्सवर ‘सुडो एसएस -एलटीएनपी’ने ऐकणारे पोर्ट आणि प्रोग्रॅमची नावं मिळतात. विंडोजवर ‘नेटस्टॅट -एएनओ’ देतं, शेवटच्या रकान्यातला आकडा टास्क मॅनेजरमधल्या पीआयडीशी जुळवा. ‘एन’ हे अक्षर लावायचं कारण असं की त्याशिवाय या कमांड पोर्टचं नाव सर्व्हिसेस फाइलमधून आणून दाखवतात. तुम्ही ती फाइल बदलली आहे, म्हणजे १५०२ वरच्या भलत्याच प्रोग्रॅमला मॉडबसचं नाव मिळेल. आधी ती ओळ पूर्ववत करा.

पोर्ट खरोखर बदलायचं तर तीन जागा: कंट्रोलरची स्वतःची सेटिंग (काही कंट्रोलरमध्ये ५०२ बदलताच येत नाही, मॅन्युअल पाहा), संगणकावरच्या सॉफ्टवेअरची सेटिंग आणि मधल्या फायरवॉलचा नियम. लिनक्सवर १०२४ च्या खालचं पोर्ट उघडायला विशेष अधिकार लागतात, चाचणीचे प्रोग्रॅम १५०२ वापरतात ते यासाठी.

पण पोर्ट बदलल्याने सुरक्षितता येत नाही, हे आम्हाला ठामपणे सांगायचं आहे. मूळ मॉडबस टीसीपीमध्ये पासवर्डच नाही. जो पोहोचला तो रजिस्टरमध्ये लिहू शकतो, म्हणजे चालतं मशीन थांबवू शकतो. पोर्ट स्कॅन करणाऱ्याला १५०२ सापडायला फार वेळ लागत नाही. कंट्रोलर वेगळ्या नेटवर्कवर ठेवा, ऑफिसच्या वाय-फायवरून तिथपर्यंत वाट नको, आणि राउटरवर त्याच्यासाठी पोर्ट फॉरवर्डिंग केलेलं असेल तर आजच काढा. बाहेरून पाहायचं असेल तर व्हीपीएन.

प्रश्न: शाळेच्या विंडोज संगणकांवर होस्ट्स फाइलमध्ये शाळेच्या सर्व्हरचं नाव घालायचं आहे. फाइल जतनच होत नाही, आणि एका संगणकावर झाली तर परिणाम नाही. ही फाइल ‘एट्सी’ नावाच्या फोल्डरमध्ये कशी? ते तर लिनक्सचं ना?
— संगणक शिक्षिका, हडपसर

उत्तर: बाई, नावाबद्दलचं तुमचं निरीक्षण अचूक आहे. सी ड्राइव्ह, विंडोज, सिस्टिम३२, ड्रायव्हर्स, एट्सी. त्या फोल्डरमध्ये होस्ट्स, नेटवर्क्स, प्रोटोकॉल आणि सर्व्हिसेस अशा फाइली आहेत, युनिक्सच्या जवळपास जशाच्या तशा. टीसीपी-आयपीचे प्रोग्रॅम ज्या परंपरेत वाढले तिच्या फाइली विंडोजनेही ठेवल्या. बाकी सेटिंग मात्र रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंगच्या एकत्र साठ्यात) गेली. त्याआधी विंडोज फॉर वर्कग्रुप्समध्ये ‘प्रोटोकॉल डॉट आयएनआय’ ही साधी मजकुराची फाइलच होती. आज पत्ता, मास्क, गेटवे हे रजिस्ट्रीत टीसीपीआयपीच्या ‘पॅरामीटर्स’खाली, प्रत्येक लॅन कार्डाच्या लांबलचक ओळख क्रमांकाच्या कप्प्यात असतं. लॅन कार्ड बदललं की क्रमांक नवा, कप्पा नवा, आणि पत्ता पुन्हा भरावा लागतो. तेव्हा ‘हा पत्ता दुसऱ्या अडॅप्टरला दिलेला आहे’ असा इशारा येतो, तो याच जुन्या कप्प्यामुळे. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘शो हिडन डिव्हाइसेस’ करून फिकट दिसणारं जुनं कार्ड काढून टाकलं की तो थांबतो. एका ठिकाणी सगळं, प्रत्येक कप्प्याला वेगळे अधिकार, हे रजिस्ट्रीचे गुण मान्य आहेत. पण त्यात शेजारी टीप लिहिता येत नाही आणि मशीन चालू होत नसताना ती सहज उघडत नाही. दुरुस्तीच्या दृष्टीने आमचा कौल मजकुराच्या फाइलला.

आता काम. नोटपॅडवर उजवी क्लिक, ‘रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’. मग नोटपॅडमधूनच फाइल उघडा. खिडकीत खालच्या बाजूला ‘ऑल फाइल्स’ निवडल्याशिवाय ती दिसणार नाही. ओळ अशी: आधी पत्ता, मग एक-दोन स्पेस, मग नाव. नावाआधी ‘एचटीटीपी’ किंवा तिरप्या रेघा नकोत. ‘सेव्ह अ‍ॅज’ केलंत तर नोटपॅड शेवटी ‘डॉट टीएक्सटी’ जोडतो आणि विंडोज शेपूट लपवतं, त्यामुळे नाव बरोबर दिसतं पण फाइल दुसरीच असते. परिणाम न झालेल्या संगणकावर बहुधा हेच झालं आहे. एक्सप्लोररमध्ये ‘फाइल नेम एक्स्टेन्शन्स’ चालू करून खात्री करा. मग कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘आयपीकॉन्फिग /फ्लशडीएनएस’, आणि त्या नावाला पिंग करून कोणता पत्ता दिसतो ते बघा. ‘एनएसलुकअप’ने तपासू नका, ते थेट डीएनएसला विचारतं आणि होस्ट्स फाइल पाहतच नाही.

मराठी शाळांमध्ये हमखास होणाऱ्या दोन चुका. कीबोर्ड मराठीवर राहिला आणि पत्ता देवनागरी आकड्यांत टाइप झाला. वाचायला तो बरोबर वाटतो, मशीनला तो पत्ताच नाही. दुसरी, आकडे नीट एकाखाली एक दिसावेत म्हणून १० ऐवजी ०१० लिहिणं. शून्याने सुरू होणारा आकडा कित्येक प्रोग्रॅम अष्टमान पद्धतीचा धरतात, म्हणजे ०१० चे होतात ८, आणि पिंग भलत्याच संगणकाला जातं. काही ठिकाणी अशी ओळच नाकारली जाते. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली ओळ चिकटवलीत तर वाकडी अवतरणचिन्हं आणि न दिसणारी अक्षरंही सोबत येतात. पत्ता हातानेच टाइप करा.

प्रश्न: घरी फायबर आहे. पिंग चालतं, छोटी पानं उघडतात, पण ऑफिसच्या व्हीपीएनवर मोठी फाइल पाठवली की अडकते.
— वाचक, बाणेर

उत्तर: एमटीयू, म्हणजे एका पॅकेटची कमाल लांबी, तपासा. इथरनेटवर एका पॅकेटची मर्यादा १५०० बाइट. जोडणी पीपीपीओई (राउटरवर युजरनेम-पासवर्ड लागणारी पद्धत) असेल तर ८ बाइट त्यातच जातात आणि उरतात १४९२. विंडोजवर ‘पिंग -एफ -एल १४७२’ आणि पुढे बाहेरचा एखादा पत्ता द्या. १४७२ मध्ये हेडरचे २८ मिळवले की १५०० होतात. ते गेलं नाही पण १४६४ गेलं, तर मर्यादा १४९२ आहे. मोठं पॅकेट अडल्याचा निरोप परत यायला हवा, पण वाटेतली एखादी फायरवॉल आयसीएमपी सरसकट अडवते आणि निरोप पोहोचत नाही. राउटरवर डब्ल्यूएएनचा (बाहेरच्या बाजूचा) एमटीयू १४९२ करा, एमएसएस क्लॅम्पिंग (टीसीपीचे तुकडे आधीच लहान ठेवण्याची सोय) असेल तर चालू करा. व्हीपीएन स्वतःची हेडर आणखी जोडतं, त्यामुळे त्याच्या सेटिंगमधला एमटीयू याहूनही खाली आणावा लागतो. १४०० पासून सुरुवात करून पाहा.

प्रश्न: फाइल बदलली की मशीन रीस्टार्ट करावंच लागतं का?
— वाचक, नारायण पेठ

उत्तर: क्वचितच. लिनक्सवर होस्ट्स फाइल नाव शोधताना पाहिली जाते, बदल लगेच लागू. रिझॉल्व्ह डॉट कॉन्फ बदलल्याचं ग्लिबसीला (लिनक्सच्या सी लायब्ररीला) २.२६ आवृत्तीपासून आपोआप कळतं, त्याआधीच्या आवृत्त्यांत चालू प्रोग्रॅम जुनीच माहिती वापरत राहतात. कर्नलच्या नेटवर्क सेटिंग ‘सिससीटीएल डॉट डी’ फोल्डरमध्ये लिहिल्या असतील तर ‘सुडो सिससीटीएल --सिस्टिम’ द्या. नुसतं ‘-पी’ फक्त मुख्य फाइल वाचतं, आणि ‘लिहिलं तरी लागू होत नाही’ ही तक्रार बहुतेक वेळा तिथूनच येते.

एसएसएचचं (दुसऱ्या मशीनवरून लॉग-इन करण्याच्या सेवेचं) पोर्ट बदलताना जपून. आधी ‘सुडो एसएसएचडी -टी’ द्या. काहीच छापलं नाही तर फाइल शुद्ध आहे. मग सर्व्हिस रीलोड करा. उबुंटू २४.०४ वर एवढ्याने भागत नाही, कारण तिथे पोर्ट उघडण्याचं काम सिस्टिमडीच्या सॉकेटकडे आहे. आधी ‘सिस्टिमसीटीएल डीमन-रीलोड’, मग ‘एसएसएच डॉट सॉकेट’ रीस्टार्ट. फायरवॉलमध्ये नवं पोर्ट त्याआधीच उघडलेलं असू द्या. ज्या खिडकीतून हे सगळं करत आहात ती तशीच उघडी ठेवा, दुसऱ्या खिडकीतून नव्या पोर्टवर लॉग-इन करून पाहा, आणि तिथे प्रॉम्प्ट दिसल्यावरच पहिली बंद करा.